होमी भाभा आणि फ्यूजनची 20 वर्षं
होमी भाभा म्हटलं की अणुभट्टीच आठवते. पण 1955 मध्ये जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी वेगळंच भाकीत केलं: हलकी अणुकेंद्रं जोडून मिळणारी फ्यूजन ऊर्जा 20 वर्षांत माणसाच्या ताब्यात येईल. अजून आली नाही. (डेडलाइन हुकणं आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नवं नाही!) मग सरकारने यात पैसा का घालावा? मला उत्तर 1944 मध्ये दिसतं. तेव्हा भाभांनी टाटा ट्रस्टकडे पैसे मागितले ते यंत्रासाठी नाही, माणसं घडवायला. त्यातून 1945 मध्ये टीआयएफआर उभी राहिली; पुढे खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला. 1966 मध्ये माँ ब्लाँवर विमान कोसळून भाभा गेले. आज फ्रान्समधल्या ईटर या फ्यूजन प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि त्या यंत्राभोवतीचं 3,850 टनांचं पोलादी क्रायोस्टॅट आपण बनवलंय.