विश्लेषण : महाडजवळच्या नाते गावचे सी. डी. देशमुख आणि मतदारांच्या आकडेवारीचा पाया

निवडणुकीचा निकाल लागला की मोबाइलवर लगेच आलेख फिरू लागतात. महिलांनी कोणाला मते दिली, तरुण कुठे वळले, शेतकरी कोणावर नाराज होते. यातले काहीही मतदान यंत्र सांगत नाही. यंत्र फक्त बेरीज देते. कोणी कोणाला मत दिले हे गुप्त असते, आणि ते तसेच असायला हवे. वरची उत्तरे येतात नमुना सर्वेक्षणातून, म्हणजे थोड्यांना विचारून सगळ्यांबद्दल अंदाज बांधण्याच्या पद्धतीतून.

स्वतंत्र भारतात ही पद्धत देशपातळीवर सुरू झाली १९५० मध्ये. तेव्हा वित्तमंत्री होते महाड तालुक्यातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईसाठी राजीनामा देणारे मंत्री, एवढी त्यांची ओळख स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत असते. आकडेवारीशी असलेले त्यांचे नाते मात्र फारसे सांगितले जात नाही.

नाते ते केंब्रिज

महाडहून रायगड किल्ल्याकडे निघाले की वाटेत नाते लागते. तिथे १४ जानेवारी १८९६ रोजी देशमुखांचा जन्म झाला. वडील वकील होते. बालपण तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, तळे-रोहा भागात गेले. १९१२ मध्ये मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे केंब्रिजला मात्र त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र घेतले. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले.

वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी पुढे आकडेवारीत रमला, याचे आश्चर्य वाटायचे कारण नाही. नमुना कुठून घेतला, कधी घेतला, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसेल तर वाळवलेल्या पानाचा काही उपयोग नसतो.

नोकरीची सुरुवात मध्य प्रांतात झाली. तिथे त्यांनी सेटलमेंट अधिकारी म्हणूनही काम केले. जमाबंदीचे हे काम म्हणजे गावोगाव फिरून कोणाची जमीन किती, कोणत्या प्रतीची, तिच्यावर सारा किती याची नोंद ठरवणे. सातबारा काढायला तलाठ्याकडे गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे की एका रकान्यातली चूक तीन पिढ्यांना पुरते.

रिझर्व्ह बँक, ब्रेटन वुड्स आणि कोलकात्याची संस्था

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. जुलै १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात ते होते. नाणेनिधी आणि जागतिक बँक तिथूनच निघाल्या. कोणत्या देशाचा कोटा किती, हा तिथला मोठा वाद होता आणि तो राष्ट्रीय उत्पन्न, व्यापार, गंगाजळी अशा आकड्यांवर लढवला जात होता. ज्याचे आकडे कच्चे, त्याची बाजू कच्ची.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, ते प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी उभारलेल्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष झाले आणि १९६४ पर्यंत राहिले. महालनोबिस कल्पनांचा माणूस, तर देशमुख फाइल पुढे सरकवणारे. माझ्या मते या जोडीत दुसऱ्याचे श्रेय नेहमी कमी मोजले गेले.

नॅशनल सॅम्पल सर्व्हे

जून १९५० मध्ये देशमुख वित्तमंत्री झाले. नॅशनल सॅम्पल सर्व्हे सुरुवातीला त्यांच्याच मंत्रालयाखाली होता. पहिली फेरी ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ या काळात झाली. साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांतून १,८३३ गावे निवडली गेली. क्षेत्रकामात पुण्याच्या गोखले संस्थेचाही वाटा होता.

अडचण गावे निवडण्यात नव्हती. कोकणात भात पायली आणि खंडीत मोजत, दुसरीकडे मणात, आणि शेरही सगळीकडे सारखा नव्हता. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे की एका घरात राहणारे? मुंबईत गिरणीत काम करणारा, शिमगा-गणपतीला गावी येणारा मुलगा या कुटुंबात धरायचा की नाही? प्रश्न अनेक भाषांत विचारायचे, उत्तरे मात्र एकाच तक्त्यात बसवायची. म्हणून प्रत्येक शब्दाची व्याख्या, प्रत्येक मापाचे रूपांतर आणि अन्वेषकाला दिलेल्या सूचना लेखी असणे भाग होते.

महालनोबिस यांनी आणखी एक पद्धत रुळवली. एकाच भागात दोन पथकांना दोन स्वतंत्र नमुने द्यायचे आणि दोघांच्या उत्तरांतला फरक पाहायचा. फरक मोठा असेल तर चूक किती आहे, हे आपोआप उघड होते. याच काळात संयुक्त राष्ट्रांच्या नमुना सर्वेक्षणविषयक उपआयोगाचे ते अध्यक्ष होते. सर्वेक्षणाच्या अहवालात नमुना कसा निवडला, किती जण सापडले नाहीत, चूक किती असू शकते हे लिहिलेच पाहिजे, अशा शिफारशी या उपआयोगाने सगळ्या देशांसाठी केल्या. एका देशाचे सर्वेक्षण दुसऱ्याच्या शेजारी ठेवायचे तर ही माहिती लागतेच.

एक स्पष्ट करायला हवे. नॅशनल सॅम्पल सर्व्हेने मत कोणाला दिले हे विचारले नाही. त्याचा विषय खर्च, शेती, रोजगार. पण घरोघरी जाऊन ठरलेला प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारायचा आणि उत्तर कोडमध्ये नोंदवायचे, ही शिस्त देशभर रुजली ती यातून.

१९५२ : स्वतः उमेदवार

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशमुख कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. देशात सुमारे १७.३ कोटी मतदार नोंदले गेले होते. यादी करताना एक गोष्ट लक्षात आली. उत्तरेतल्या अनेक बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी अशीच नोंद होती. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून वगळावी लागली. नोंदीचा एक रकाना रिकामा राहिला आणि २८ लाख मते गेली.

एकाच वेळी देशात दोन मोठ्या मोजण्या चालू होत्या. निवडणुकीत सगळ्यांना मोजले जात होते, पण माणसाबद्दल काही कळत नव्हते. सर्वेक्षणात मोजक्यांना विचारले जात होते, पण त्यांच्याबद्दल बरेच कळत होते. मतदारांचा अभ्यास या दोन्हींच्या मध्ये उभा आहे.

मुंबईचा प्रश्न आणि राजीनामा

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. आंदोलन पेटले, गोळीबारात माणसे मेली. आयुर्विमा व्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाचे काम त्याच महिन्यात देशमुखांच्या हातात होते. मुंबईचा निर्णय ज्या रीतीने झाला आणि गोळीबाराची चौकशी ज्या रीतीने टाळली गेली, ते त्यांना मान्य नव्हते. जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. दिल्लीत स्थिरावलेला, पक्षाच्या राजकारणात कधी न रुळलेला हा माणूस मतदारांच्या भावनेपाशी येऊन थांबला. त्यासाठी त्यांना कोणत्याही सर्वेक्षणाची गरज पडली नाही. १९५७ मध्ये कुलाब्याची जागा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली.

नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार आणि १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद. १९५३ मध्ये त्यांनी संविधान सभेच्या सदस्य राहिलेल्या दुर्गाबाईंशी विवाह केला होता. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले, हेही सांगायला हवे.

मतदार सर्वेक्षणे कधी सुरू झाली?

देशमुख कुलगुरू असतानाच्याच काळात हे क्षेत्र आकाराला येत होते. पुणे विद्यापीठाचे व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्यातल्या मतदारांचा अभ्यास केला आणि तो १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आला. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेने १९६७ मध्ये देशव्यापी निवडणूक सर्वेक्षण केले. अमेरिका, जपान, नायजेरिया, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया आणि भारत अशा सात देशांतला राजकीय सहभागाचा तुलनात्मक अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. आज सीएसईएस हा प्रकल्प अनेक देशांत निवडणुकीनंतर एकच प्रश्नसंच विचारतो आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ सांगणारी जाडजूड कोडपुस्तिका सोबत देतो.

कोडपुस्तिका का लागते, हे पोलादपूरच्या एखाद्या गावावरून समजून घेऊ. मतदार यादीत हजार नावे आहेत, त्यातली बरीच माणसे मुंबईत, ठाण्यात राहतात. काही मतदानाला गाडी करून येतात, काही येत नाहीत. यादीतल्या नावांना भागले तर मतदान कमी दिसते. गावात खरोखर राहणाऱ्या प्रौढांना भागले तर तेच मतदान खूप जास्त दिसते. अमेरिकेत टक्केवारी बहुधा मतदानाच्या वयाच्या किंवा पात्र लोकसंख्येवर काढतात, भारतात नोंदलेल्या मतदारांवर. भागाकार कशाने केला हे लिहून ठेवले नाही, तर दोन देशांची तुलना चुकीची ठरते आणि चूक कोणाला दिसतही नाही. एक्सेलमध्ये दुसऱ्याने केलेली शीट उघडून रकान्याचे नाव फक्त एक्स-१ असल्याचे पाहिले असेल, तर हा वैताग ओळखीचा वाटेल.

दुसरी अडचण उत्तरांची. मतदान केले का, असे नंतर विचारले तर न केलेलेही हो म्हणतात. हा अनुभव बहुतेक देशांत येतो. आपल्याकडे निदान बोटावरची शाई पाहता येते, तीही काही आठवडेच. तिसरी अडचण कोडची. व्यवसाय विचारला तर तोच माणूस गावी शेतकरी असतो आणि मुंबईत कामगार. कोड कोणताही द्या, पण त्याने मुळात काय सांगितले तेही जपून ठेवा, कारण पुढच्या संशोधकाला वेगळी वर्गवारी लागू शकते.

१९६९ : पुन्हा मतमोजणीत

त्या वर्षीच्या राष्ट्रपती निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर देशमुख उभे राहिले. पहिल्या पसंतीची मते अशी होती : व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि देशमुख १,१२,७६९. कोणालाच बहुमत नव्हते. मागे राहिलेल्यांची दुसऱ्या पसंतीची मते वाटली गेली. त्यात रेड्डींना सुमारे ९२ हजारांची भर पडली, तर गिरींना साडेअठरा हजारांची. तरीही गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. देशमुखांचे मतदार पुढे कुठे गेले, याचा बऱ्यापैकी अंदाज या मोजणीतून येतो. का गेले, हे तिच्यातून कळत नाही.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादमध्ये देशमुखांचे निधन झाले. त्याआधी वर्षभरच, १९८१ मध्ये, त्यांच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले होते. लोकसभेचा कुलाबा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत रायगड झाला. आज त्यात महाडसोबत रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागरही येतात. त्यामुळे देशमुख निवडून आले त्या १९५२ पासून या जागेच्या मतांची मालिका लावायची असेल, तर नाव कधी बदलले आणि हद्द कधी बदलली, या दोन नोंदी तक्त्याच्या वरच लिहाव्या लागतील.