वॉल्ट डिस्ने : स्वाक्षरीमागचे हात

इतिहासाच्या तासाला आम्ही किल्ला कोणी जिंकला हे शिकवितो. तो बांधणाऱ्या पाथरवटाचे नाव मात्र पुस्तकात सापडत नाही. मिकी माऊसमुळे घरोघर पोहोचलेल्या वॉल्ट डिस्ने यांचे चरित्र अभ्यासताना आम्हांस हीच उणीव पुन्हा जाणवली. म्हणून त्यांच्या कर्तृत्वाबरोबरच त्यांच्यासाठी राबलेल्या हातांचीही नोंद येथे करीत आहोत.

डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागो येथे झाला. वडील इलायस यांनी सुतार म्हणून १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या उभारणीत काम केले होते. पुढे मिझुरी राज्यातील मार्सलीन या छोट्या गावी त्यांनी शेती केली; परंतु आजारपणामुळे शेत विकून १९११ साली कुटुंबास कॅन्सस सिटीत यावे लागले. तेथे वडिलांनी वर्तमानपत्रे वाटण्याचे काम घेतले. लहानगा वॉल्ट आणि थोरले बंधू रॉय पहाटे साडेतीनच्या सुमारास उठून, बर्फ तुडवीत दारोदार अंक टाकीत. या कामाची मजुरी वडील वॉल्टला देत नसत. शाळेत त्यास डुलकी लागे. कष्टाचे मोल न मिळणे म्हणजे काय, हे त्यास बालपणीच कळले होते.

कॅन्सस सिटीत काढलेली त्यांची पहिली चित्रसंस्था १९२३ साली दिवाळखोरीत निघाली. त्याच वर्षी हॉलिवूडला जाऊन रॉय यांच्या साथीने त्यांनी नव्याने आरंभ केला. १९२८ साली ओस्वाल्ड या सशाच्या पात्रावरील हक्क वितरकाकडे असल्याचे उघड झाले आणि बहुतेक चित्रकारही त्या वितरकाकडे गेले. अब आयवर्क्स हे सहकारी मात्र सोबत राहिले. मिकीला रेषांचे रूप दिले ते प्रामुख्याने आयवर्क्स यांनी. आवाज दिला तो स्वतः डिस्ने यांनी. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘स्टीमबोट विली’ पडद्यावर आला आणि या उंदराने जग जिंकले.

चित्रपटात एका सेकंदास २४ चौकटी पडद्यावरून सरकतात. यावरून १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’ या सुमारे ८३ मिनिटांच्या चित्रपटामागे किती चित्रे असतील याची कल्पना यावी. प्रत्येक चित्र पारदर्शक पत्र्यावर शाईने गिरवून मागील बाजूने रंगविण्याचे काम शेकडो तरुणी करीत. पात्रांना हालचाल देणारी मूळ रेखाटने करण्याची संधी मात्र स्त्रियांना सहसा मिळत नसे.

तीसच्या दशकातील बहुतेक लघुपटांवर एकट्या डिस्ने यांचेच नाव झळके. पगारांतील तफावत, श्रेयाचा अभाव आणि संघटनेस असलेला मालकांचा विरोध यांमुळे असंतोष धुमसत होता. आर्ट बॅबिट हे नामांकित चित्रकार संघटनेत उतरले म्हणून त्यांना कामावरून काढण्यात आले आणि २९ मे १९४१ रोजी शेकडो कर्मचारी संपावर गेले. अखेर सरकारी मध्यस्थीने संघटनेस मान्यता मिळाली. डिस्ने यांनी मात्र हा संप म्हणजे विश्वासघात मानला आणि १९४७ साली संसदीय समितीपुढे त्याचे खापर कम्युनिस्टांवर फोडले. बिनमजुरीची पहाट अनुभवलेल्या माणसास आपल्या कामगारांचे गाऱ्हाणे उमगू नये, याचा आम्हांस खेद वाटतो.

पुढे त्यांनी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे संत्र्यांच्या बागांच्या १६० एकर जागेवर डिस्नेलँड उभारले. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या विम्यावरही कर्ज काढले. १७ जुलै १९५५ रोजी उद्घाटन झाले, त्या दिवशी बनावट तिकिटांमुळे गर्दी अनावर झाली. उन्हाने डांबर मऊ होऊन स्त्रियांच्या टाचा त्यात रुतल्या. नळ-कामगारांच्या संपामुळे पिण्याचे पाणी आणि शौचालये यांपैकी एकाचीच निवड करणे भाग होते. डिस्ने यांनी शौचालये निवडली.

या उद्यानाच्या प्रवेशमार्गावर मार्सलीनच्या आठवणीतून घडविलेला बाजाररस्ता आहे. तेथील वरच्या मजल्यांच्या खिडक्यांवर दुकानांच्या पाट्यांसारखी नावे रंगविलेली आहेत. ती उद्यान घडविणाऱ्या सहकाऱ्यांची आहेत. एका खिडकीवर बांधकाम कंत्राटदार म्हणून इलायस डिस्ने यांचेही नाव आहे. श्रेयावरून ज्यांच्याविरुद्ध संप झाला, त्यांच्याच उद्यानात ही नावे लिहिली गेली, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

१५ डिसेंबर १९६६ रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने डिस्ने यांचे निधन झाले. त्यांचा देह गोठवून ठेवल्याची वदंता निराधार आहे; त्यांच्यावर दहनसंस्कार झाला. फ्लोरिडातील अपुरे उद्यान रॉय यांनी निवृत्ती लांबवून पूर्ण केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते खुले झाले, तेव्हा रॉय यांच्या आग्रहावरून त्यास ‘वॉल्ट’ हे पूर्ण नाव दिले गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रॉयही गेले.

माजी विद्यार्थ्यांस व पालकांस आमची एवढीच विनंती आहे : मुलांसमवेत असा चित्रपट पाहाल तेव्हा नामावली सरकू लागताच उठू नका. ती नावे मुलांकडून वाचून घ्या. त्यांतले एकेक नाव पडद्यावर येण्यासाठी कोणीतरी झगडले आहे.