सिस्टर केनी

पोलिओ हा एके काळी बालकांचा मोठा वैरी होता. या रोगाचे विषाणू मज्जारज्जूतील चेतापेशींचा नाश करत. प्रथम ताप येई, मग स्नायू दुखून ताठरत आणि काल अंगणात बागडणाऱ्या मुलाला आज पाय उचलवत नसे. दुबळे अवयव वाकडे होऊ नयेत, म्हणून डॉक्टर ते फळ्यांना बांधून किंवा प्लास्टरमध्ये घालून कित्येक महिने जखडून ठेवत. या रूढ उपचाराला ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी या परिचारिकेने धैर्याने आव्हान दिले.

एलिझाबेथचा जन्म २० सप्टेंबर १८८० रोजी न्यू साउथ वेल्स प्रांतात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. तरुणपणी तिचे मनगट मोडले, तेव्हा मॅकडॉनेल नावाच्या डॉक्टरांनी तिच्यावर उपचार केले. त्यांच्याकडील पुस्तके व सांगाडा पाहून तिने शरीररचनेचा अभ्यास केला. परिचारिकेचे रीतसर शिक्षण मात्र तिला कधीच लाभले नाही. तरीही क्वीन्सलंडमधील दूरदूरच्या शेतवस्त्यांवर जाऊन ती रुग्णांची शुश्रूषा करू लागली.

१९११ साली तिला अवयव आखडलेली काही रुग्ण मुले आढळली. तिने मॅकडॉनेल यांना तार केली. हा पोलिओ असून लक्षणे पाहून उपचार करावेत, असे त्यांनी कळवले. एलिझाबेथने लोकरीचे कापड उकळत्या पाण्यात बुडवून घट्ट पिळले आणि दुखणाऱ्या स्नायूंभोवती गुंडाळले. वेदना ओसरल्यावर ती ते अवयव हळुवारपणे हलवू लागली. ती मुले बरी झाली.

पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना मायदेशी आणणाऱ्या जहाजांवर तिने सेवा केली. १९१७ साली तिला ‘सिस्टर’ हा हुद्दा मिळाला व तोच तिच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

१९३२ साली केनीबाईंनी टाउन्सव्हिल येथे पोलिओने पंगू झालेल्यांवर उपचार सुरू केले. डॉक्टरांचा मात्र त्यांच्यावर विश्वास बसेना. या रोगातून काही मुले आपोआपही सुधारतात. मग गुण उपचाराचा की निसर्गाचा, ही त्यांची शंका रास्त होती. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने १९३८ साली त्यांच्या पद्धतीविरुद्ध अहवाल दिला.

केनीबाई खचल्या नाहीत. १९४० साली, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेस गेल्या. मिनिआपोलिस शहरातील डॉक्टरांनी त्यांना रुग्ण दिले आणि त्यांचे काम जवळून पाहिले. त्या मुलांचे स्नायू मऊ राहत, वेदना लवकर थांबत. कोल व नॅप या डॉक्टरांनी १९४१ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी तेथे केनीबाईंच्या नावाची संस्था उभी राहिली. हळूहळू फळ्या व प्लास्टर मागे पडले.

केनीबाईंचा स्वभाव तापट होता; त्यांना टीका सहन होत नसे. रोगाचे मूळ स्नायूंतच आहे, हे त्यांचे मतही शास्त्राच्या कसोटीला उतरले नाही. मेलेल्या चेतापेशी पुन्हा जिवंत करणे त्यांच्या उपचाराने शक्य नव्हते. परंतु शिल्लक राहिलेली शक्ती व्यायामाने जागवता येते, हे त्यांनी हजारो मुलांच्या बाबतीत दाखवून दिले. भौतिकोपचार या शास्त्राला त्यामुळे मोठी चालना मिळाली.

३० नोव्हेंबर १९५२ रोजी केनीबाईंचे निधन झाले. १९५५ साली पोलिओची लस वापरात आली. २०१४ साली भारतही पोलिओमुक्त घोषित झाला. तथापि, अपघाताने वा आजाराने दुबळे झालेले हातपाय आजही व्यायामाच्या साहाय्याने सबळ केले जातात. रुग्णाकडे डोळसपणे पाहणारी परिचारिका आणि प्रचिती येताच आपले मत बदलणारे डॉक्टर, या दोघांमुळेच असंख्य बालके बंधनातून मुक्त झाली.