गव्हाणीत खरं गवत टाकणारे संत फ्रान्सिस

नाताळ आला की ख्रिस्ती घरांत पोरं गोठा मांडतात. आपल्या वसईकडंही ही रीत आहे. ती लोकांत रुजवली इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी. बाप कापडाचा श्रीमंत व्यापारी. तरुणपणी ते लढाईला गेले, पेरुजियात कैदेत पडले. पुढं इस्टेट सोडली, अंगावरचे कपडेसुद्धा बापाला परत दिले अन् भिक्षेवर जगू लागले.

१२२३ च्या नाताळात त्यांनी ग्रेचो गावाजवळ डोंगरात गव्हाण मांडली. तिच्यात वाळलं गवत, शेजारी खराखुरा बैल आणि गाढव. येशूबाळ किती गरिबीत जन्मलं, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं एवढाच हेतू. गावकरी रात्री मशाली घेऊन आले. गोठा काय असतो हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही! नाताळाला बैल-गाढवांना जादा वैरण घाला, असंही त्यांचं म्हणणं असे. म्हणजे आपला पोळाच की.

१२२६ मध्ये ते वारले. हल्ली गोठ्यात लायटिंग जास्त अन् गवत कमी दिसतं. तरी काही घरांत नाताळाआधी गव्हाण रिकामीच ठेवतात. लेकरानं एक चांगलं काम केलं की गवताची एक काडी आत. बाळ ठेवायचं ते नाताळाच्या रात्रीच.