बाबांना बसता येत नसे

परभणीत बँकेच्या खुर्चीला पाठ टेकून आमची नोकरी सरली. बाबा आमट्यांना मात्र बसणेच वर्ज्य होते. १९१४ साली हिंगणघाटला जन्मलेल्या या माणसाचे मणके झिजले होते. मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढा जाड मज्जारज्जू मेंदूपासून कमरेपर्यंत उतरतो. त्यातून नसांच्या ३१ जोड्या फुटतात. त्याच हातपाय हलवतात, वेदनेची वर्दी देतात. मणके झिजले की नसा चेपतात. बाबा एक तर उभे, नाही तर आडवे! तशाच पाठीने १९८५ साली सायकलस्वार तरुणांसह ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, स्वतः गाडीत पडून. १९९० मध्ये आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला गेले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच त्यांचा श्वास थांबला. देह जाळला नाही, तिथल्याच मातीत पुरला.