मायकेल मायर: किमयेला चित्रं आणि सूर देणारा डॉक्टर

मंडळी, कुणी अवघड काम करून दाखवलं की आपण सहज म्हणतो, "काय किमया केलीस!" हा शब्द मूळचा अरबी. युरोपातल्या 'अल्केमी'ची वाटही तिथूनच जाते. हलक्या धातूचं सोनं करण्याची ही विद्या. चारशे वर्षांपूर्वी मायकेल मायर नावाच्या एका जर्मन डॉक्टरने तिच्यासाठी आयुष्य वेचलं.

मायरचा जन्म 1568 च्या सुमारास होल्स्टाइन प्रांतात झाला. 1596 मध्ये तो बाझलला वैद्यकाचा डॉक्टर झाला. 1609 मध्ये प्रागला सम्राट रुडॉल्फ दुसरा याने त्याला पदरी घेतलं आणि किताबही दिला. रुडॉल्फला किमयेचं भारी वेड! पण 1611 मध्ये सख्ख्या भावानेच त्याच्याकडून बोहेमियाचा मुकुट काढून घेतला. मायरचा आधार गेला. त्याच वर्षी तो इंग्लंडला पोहोचला आणि नाताळात राजा जेम्सला अक्षरांनी गुलाब रेखलेलं भलंमोठं शुभेच्छापत्र पाठवलं. 1616 मध्ये तो जर्मनीला परतला.

तोवर किमयागार म्हटलं की लोकांना भामटा आठवू लागला होता. सोन्याचं आमिष दाखवून राजांना लुबाडणारे काही जण फासावरही गेले होते. आपली विद्या खरी आहे असं मानणाऱ्या मायरला हे सलत होतं. 1617 मध्ये त्याने या ठकसेनांच्या युक्त्या उघड करणारं पुस्तक लिहिलं.

त्याच सुमारास ओपेनहाइमला त्याचं 'अटलांटा फुगिएन्स' छापलं गेलं. त्यात 50 चित्रं आहेत आणि प्रत्येक चित्रासोबत कविता, विवेचन आणि तीन आवाजांचं गाणं. कल्पना ग्रीक कथेची: पळणारी अटलांटा, तिच्यामागे हिप्पोमेनीस आणि वाटेत पडलेलं सोन्याचं सफरचंद. गाण्यातही पहिला आवाज पळतो, दुसरा पाठलाग करतो, तिसरा आडवा येतो. एका चित्रात चांदण्या रात्री निसर्गदेवी पुढे चालते. चष्मा, काठी आणि कंदील घेतलेला म्हातारा तिच्या पावलांचे ठसे शोधत मागून जातो. किमयागाराने निसर्गाच्या मागे जावं, असा त्याचा अर्थ.

हे सगळं मायरच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. चित्रांच्या कल्पना किमयेच्या जुन्या ग्रंथांतून आल्या होत्या, हे डच अभ्यासक डी योंग यांनी 1969 मध्ये दाखवलं. 50 पैकी 40 चाली तर जॉन फार्मर या इंग्रज संगीतकाराच्या निघाल्या! पण शब्द, चित्र आणि सूर एकत्र गुंफायची कल्पकता मायरची.

1618 मध्ये तीस वर्षांचं युद्ध पेटलं. 1622 मध्ये मॅगडेबर्गला मायर वारला. सोनं काही बनलं नाही. पण 2020 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने हे पुस्तक गाण्यांसकट इंटरनेटवर आणलं. आता ते कुणीही पाहू शकतं आणि ऐकू शकतं. मग मंडळी, याला किमया नाही तर काय म्हणायचं?