चांदीची आगगाडी : महाराज माधवराव शिंदे

आगगाडीचे वेड बहुतेक मुलांना असते. आदिलाबाद व किनवट भागातल्या आपल्या कुटुंबांना हे निराळे सांगायला नको. मुदखेडहून येणारी लाईन जेव्हा मीटरगेजची होती तेव्हाही मुले रुळांच्या कडेला उभी राहून डबे मोजत, आणि आता रूळ मोठे झाल्यावरही मोजतात. पुढे मूल मोठे होते, पोटापाण्याच्या मागे लागते आणि हे वेड ओसरते. काहींचे मात्र ओसरत नाही. अशी माणसे घरातल्या मेजावर लहान रूळ मांडतात, सिग्नल, पूल, बोगदे करतात आणि विजेवर चालणारी छोटी आगगाडी त्यावरून फिरवतात. इंग्लंडात व अमेरिकेत ह्या छंदाला वाहिलेली मासिके आहेत. आपल्याकडे पुण्यात भाऊ जोशी यांनी १९९८ साली अशा लघु रेल्वेचे संग्रहालयच उघडले. पण आपल्या देशात ह्या छंदाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण त्याच्या शंभर वर्षे आधीचे आहे, आणि तो गृहस्थ मराठी होता. ते म्हणजे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे.

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. वडील जयाजीराव हे १८५७ चा धामधुमीचा काळ पाहिलेले, सावध राजे होते. आगगाडीचे महत्त्व त्यांनी ओळखले होते, पण ते सावकाराच्या नजरेने. आग्रा ते ग्वाल्हेर ह्या रेल्वेसाठी त्यांनी १८७२ साली इंग्रज सरकारला ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले, आणि पुढच्या वर्षी इंदूर ते नीमच ह्या लाईनसाठी तेवढेच आणखी दिले. १८७४ साली त्यांनी जयविलास हा प्रचंड राजवाडा पुरा केला. १८८६ च्या जूनमध्ये ते वारले तेव्हा माधवरावांना दहावे वर्ष चालू होते.

बापाविना राहिलेले ते पोर एकदम राज्याचे धनी झाले. कारभार मंडळाच्या हाती होता, शिक्षण इंग्रज शिक्षकांच्या देखरेखीखाली चालले होते. राजवाड्यात कशाचीही वाण नव्हती, पण नऊ वर्षांच्या मुलाला बरोबरीचा सोबती कोण मिळणार? यंत्रांची ओढ त्यांना त्या वयातच लागली असेल तर नवल नाही. यंत्र मुजरा करीत नाही. नीट हाताळले तर चालते, चुकले तर थांबते, मग हाताळणारा राजा असो की फिटर.

१८९४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. त्याच सुमारास राजवाड्याच्या परिसरात एक लहानशी आगगाडी धावू लागली. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट. आपल्या भागात यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला पुष्कळांनी पाहिली आहे. आता बंद पडलेल्या त्या गाडीचे रूळसुद्धा अडीच फुटांचे होते. म्हणजे महाराजांची गाडी त्याहूनही अरुंद. पाहुण्यांना तीत बसवून फिरवून आणावे, स्वतः इंजिनावर चढावे, ह्याची त्यांना भारी हौस होती.

येथेच ही गोष्ट संपली असती तर ती सांगण्यात अर्थ नव्हता. संस्थानिकांच्या लहरींच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत, आणि त्यांचा खर्च कोणाच्या शेतसाऱ्यातून निघत असे हेही आपल्याला ठाऊक आहे. पण माधवरावांनी खेळातली गाडी राजवाड्याच्या कुंपणाबाहेर काढली. ग्वाल्हेरच्या भोवतालचा मुलूख ओबडधोबड. चंबळच्या बाजूला पाण्याने कापलेल्या घळी, दक्षिणेला शिवपुरीचे जंगल. मोठ्या रुळांची लाईन तेथे न्यायची तर खर्च फार, आणि वाहतूक बेताची असल्याने तो भरून निघण्याची आशा नाही. दोन फुटी लाईनला रूळ हलके लागतात, भराव अरुंद पुरतो, पूल लहान चालतात आणि गाडी फार तीव्र वळण घेऊ शकते. ज्या गुणांमुळे ती बागेत फिरत होती त्याच गुणांमुळे ती गरीब मुलखाला परवडणारी ठरली. १८९९ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ग्वाल्हेरला आले, त्या वेळी भिंड व शिवपुरीकडील लाईनी वाहतुकीस खुल्या झाल्या. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि मध्य हिंदुस्थान व राजपुताना भीषण दुष्काळात सापडले. बैलच जेथे चाऱ्यावाचून मरत होते तेथे धान्य वाहून नेणाऱ्या लाईनीचे मोल काय, हे सांगायला नको.

तिसरी लाईन पश्चिमेला श्योपूरकडे निघाली. ती टप्प्याटप्प्याने वाढत १९०९ साली श्योपूरला पोचली. लांबी सुमारे २०० किलोमीटर. एवढ्या लांबीची दोन फुटी लाईन जगात क्वचितच आढळते. गाडी काही वेगाची नव्हती. हा प्रवास पुरा व्हायला दहा-अकरा तास लागत. ग्वाल्हेरला मोठ्या रेल्वेशी गाठ पडली की प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. हा अरुंद रुळांचा कायमचा दोष, आणि तो महाराजांच्या रेल्वेलाही चुकला नाही. तरी वाटेवरच्या खेड्यांना ग्वाल्हेरचा बाजार, कचेरी आणि दवाखाना जवळ आला.

आता त्या चांदीच्या गाडीविषयी. जयविलासच्या भोजनगृहात लांबलचक मेजावर चांदीची छोटी आगगाडी रुळांवरून फिरत असे. इंजिनामागे सात डबे, आणि प्रत्येक डब्यावर शिंदे नावाच्या इंग्रजी स्पेलिंगातील एकेक अक्षर. डब्यांत काचेच्या सुरया आणि सिगार. गाडी विजेवर चाले. पाहुण्याने आपल्यासमोर आलेली सुरई उचलली की ती थांबे, आणि सुरई जागेवर ठेवली की पुढे जाई. एवढी सुंदर कारागिरी मद्य फिरवण्यासाठी खर्ची पडली ह्याचे आम्हाला वाईट वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. लोणची, चटण्या फिरवूनही पाहुणे तितकेच हसले असते! एका मेजवानीत व्हाइसरॉय बसले असताना विजेत बिघाड होऊन गाडी बेफाम सुटली आणि बड्या पाहुण्यांच्या कपड्यांवर सांडासांड झाली, अशी एक कथा सांगतात. कथेत तिखटमीठ किती हे वाचकांनी ठरवावे. पण थट्टेची आवड महाराजांना फार होती, आणि आपल्याच गाडीने केलेली थट्टा त्यांना फार लागली नसावी.

मात्र ह्या माणसाला केवळ खेळकर म्हणणे अन्यायाचे होईल. १९०० साली चीनमध्ये बॉक्सरांचे बंड झाले तेव्हा ते स्वतः तिकडे गेले आणि स्वखर्चाने एक रुग्णनौका सुसज्ज करून दिली. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर एका कॅनेडियन कंपनीची एम्प्रेस ऑफ इंडिया ही आगबोट विकत घेण्यात त्यांनी पुढाकार घेतला. लॉयल्टी ह्या नावाने ती जखमी शिपायांची ने-आण करू लागली. ही सेवा साम्राज्याच्या युद्धासाठी होती, हे आज आपल्याला खटकते. बोटीवर पडून असलेल्या जखमी शिपायाला ते खटकण्याचे कारण नव्हते.

त्यांना उशिरा मुले झाली. १९१४ साली कन्या कमलाराजे आणि १९१६ च्या जूनमध्ये पुत्र जिवाजीराव. इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी यांच्याशी असलेल्या स्नेहामुळे मुलांना मेरी व जॉर्ज ही नावेही जोडलेली होती. मुलांचा सहवास मात्र त्यांना फार काळ लाभला नाही. युरोपात गेले असता ५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस. शिवपुरीला आईच्या छत्रीसमोर त्यांची छत्री आहे. आईवर त्यांची फार भक्ती होती, आणि तिची संगमरवरी छत्री त्यांनीच उभारली होती. जिवाजीरावांना तेव्हा नववे वर्ष पुरे व्हायचे होते. ग्वाल्हेरच्या गादीवर पुन्हा एक पोरके मूल बसले आणि कारभार पुन्हा मंडळाकडे गेला.

रेल्वे चालत राहिली. १९४२ साली तिला सिंदिया स्टेट रेल्वे हे नाव मिळाले, आणि १९५१ साली ती भारत सरकारच्या मध्य रेल्वेत सामील झाली. भिंड व शिवपुरी येथे पुढे मोठे रूळ आले. श्योपूरची छोटी गाडी तेवढी टिकली. डब्यात जागा नसली की लोक टपावर बसून जात, तरी भाडे परवडत असल्याने गरिबांची तीच गाडी होती. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे ती थांबली आणि पुन्हा सुटली नाही. त्या मार्गावर आता टप्प्याटप्प्याने मोठे रूळ टाकले जात आहेत. चांदीची गाडी मात्र जयविलासच्या संग्रहालयात आपल्या मेजावरच आहे.